लूझिंग माय रिलिजन

आर.ई.एम. या अमेरिकी ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडचे १९९१ सालचे गाजलेले गाणे. मायकल स्टाइप, पीटर बक, माइक मिल्स आणि बिल बेरी या चौघांनी १९८० मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स शहरात हा बँड काढला. 'आउट ऑफ टाइम' आल्बम बाजारात येण्याआधीच, फेब्रुवारी १९९१ मध्ये, हे गाणे सिंगल म्हणून सुटे विक्रीला आले. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. त्या यादीत आर.ई.एम.चे दुसरे कुठलेही गाणे इतके वर गेले नाही.

नाव ऐकून गोव्यातल्या मराठी माणसाच्या मनात आधी 'धर्म बुडाला' हेच येते. पोर्तुगीजांच्या धर्मांतराच्या धाकाने कुठ्ठाळीचा देव मंगेश १५६० मध्ये जुवारी नदीपलीकडे प्रियोळला कसा नेला, हे ज्यांनी लहानपणापासून घरी ऐकले, त्यांना या नावाचा दुसरा अर्थ सुचणार तरी कसा? गाण्याचा मात्र धर्मांतराशी काही संबंध नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडे संयम सुटला, डोक्यावरून पाणी गेले की लोक हे शब्द वापरतात. गाणे आहे एकतर्फी प्रेमाचे : आपण जास्त बोललो की कमी, या शंकेने कुढणाऱ्या माणसाचे.

चाल मेंडोलिनवर सुचली. बकने हे वाद्य नवेच घेतले होते आणि टीव्ही बघता बघता तो शिकत होता. सोबत टेप चालू होती. दुसऱ्या दिवशी ती ऐकताना, शिकाऊ खटपटीत त्याला हा तुकडा सापडला. मेंडोलिनच्या आठ तारा चार जोड्यांत लावतात आणि त्यांचे सूर व्हायोलिनचेच असतात. त्यामुळे चर्चच्या संगीतशाळेत व्हायोलिन शिकलेल्या गोंयकाराची बोटे या वाद्यावर लगेच बसतात. वर गिटारसारख्या पडद्यांमुळे सूर चुकण्याची धास्तीही कमी. गाण्याला नेहमीसारखे ठळक ध्रुवपद नाही. वॉर्नर ही रेकॉर्ड कंपनी ते पहिले सिंगल म्हणून काढायला कचरत होती, त्यात नवल नाही.

व्हिडिओ जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंगने दिग्दर्शित केला. त्यात इटालियन चित्रकार काराव्हाज्जोच्या चित्रांची छाया आहे, आपल्याकडच्या कॅलेंडरात शोभतील अशा देवांच्या आकृती आहेत आणि बाणांनी विंधलेला संत सेबास्तियनही आहे. पणजीच्या फोंतायन्यांत, तिथल्या जुन्या वस्तीत, याच संताचे कपेल म्हणजे छोटे चर्च आहे. तिथला क्रूस पूर्वी इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणाऱ्या पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. ते पाहून आलेल्याला या व्हिडिओतला अंधार फारसा परका वाटत नाही. एमटीव्ही या संगीतवाहिनीच्या १९९१ च्या पुरस्कारांत या व्हिडिओला सहा पारितोषिके मिळाली, त्यांत वर्षातल्या सर्वोत्कृष्ट व्हिडिओचेही होते. पुढे गाण्याला दोन ग्रॅमीही मिळाले. १९९१ मध्येच उपग्रह वाहिन्यांबरोबर एमटीव्ही भारतात आला.

बँड २०११ मध्ये विसर्जित झाला. कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे झावळ्यांच्या खाणावळीत, कुणी हे गाणे घेतले, तर मेंडोलिनचा तुकडा बहुधा गिटारवरच भागवला जातो. सोपे कॉर्ड असल्याने नवशिक्यालाही ते जमते. शब्द येत नसलेली टेबलेसुद्धा तो तुकडा मात्र बरोबर गुणगुणतात.