शिरेतलं पेनिसिलिन आणि कमरेतलं पेनिसिलिन

क्रिस्टलाइन पेनिसिलिन आणि बेंझाथिन पेनिसिलिन. दोन्ही कुप्यांत पांढरी पूड, दोन्हींच्या नावात ‘पेनिसिलिन’, आणि रक्तात पोचल्यावर काम करणारं औषधही एकच. फरक फक्त विरघळण्यात आहे. तेवढ्यानेच एक शिरेतून द्यायचं औषध ठरतं आणि दुसरं शिरेत गेलं तर जीव घेऊ शकतं.

क्रिस्टलाइनच्या कुपीत पाणी सोडलं की पूड पूर्ण विरघळते. शिरेतून दिल्यावर रक्तातली पातळी झटकन चढते, पण मूत्रपिंडं औषध तितक्याच वेगाने बाहेर टाकतात. अर्ध्या तासात निम्मं गेलेलं असतं. म्हणून दर चार ते सहा तासांनी डोस. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला असेल तर दिवसाला १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख युनिट लागू शकतात, तेही बहुधा चार आठवडे. पेशंट झोपलाय म्हणून रात्री दोनचा डोस सकाळवर ढकलू नका, मधल्या तासांत जंतूंना मोकळं रान मिळतं. मूत्रपिंडं कमजोर असतील तर मात्रा कमी करावी लागते, नाहीतर झटके येण्याची भीती असते.

बेंझाथिनमध्ये पाणी घालून कुपी हलवली की दुधासारखं मिश्रण तयार होतं. त्यातले कण विरघळत नाहीत, नुसते तरंगतात. कुल्ल्याच्या स्नायूत खोल दिलं की तिथे साठा होतो आणि औषध तीन-चार आठवडे थोडं थोडं झिरपत राहतं. संधिवाताचा ताप पुन्हा उलटू नये म्हणून आपल्याकडे मुलांना दर २१ दिवसांनी देतात ते हेच. सुरुवातीच्या टप्प्यातल्या सिफिलिसला २४ लाख युनिट एकदाच पुरतात. पण रक्तातली पातळी सतत कमीच राहते. त्यामुळे मेंदूज्वर, झडपेचा संसर्ग किंवा मेंदूत पोचलेला सिफिलिस यांवर ते चालत नाही. जास्त दिवस टिकतं म्हणजे जास्त जोरदार, हा समज मला फार घातक वाटतो.

१९९६ साली अमेरिकेत डेन्व्हरमध्ये एका नवजात बाळासाठी दीड लाख युनिट बेंझाथिन स्नायूत द्यायला लिहिलं होतं. फार्मसीत ते १५ लाख वाचलं गेलं. एवढं औषध म्हणजे तान्ह्या बाळाला पाच सुया, हे नर्सेसना बघवेना. त्यांनी संदर्भ शोधला. पेनिसिलिन शिरेतून देता येतं असं सापडलं आणि त्यांनी तसं दिलं. बाळ दगावलं. त्या निष्काळजी नव्हत्या, उलट बाळाच्या वेदनेची काळजी करत होत्या. म्हणूनच केस पेपरवर नुसतं ‘इंजेक्शन पेनिसिलिन’ लिहू नये. पूर्ण नाव, युनिट आणि शिरेत की स्नायूत, हे तिन्ही हवं. आणि ‘लाख’ अक्षरात लिहावं, शून्यांच्या भरवशावर राहू नये.

बेंझाथिन देताना सुई जाड लागते, बारीक सुई त्या मिश्रणाने तुंबते. सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून बघायचं. रक्त आलं तर सुई काढून नव्याने, दुसऱ्या जागी द्यायचं.

ॲलर्जीची विचारपूस दोन्हींच्या वेळी सारखीच करायची. टेस्ट डोसला काही झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणारं ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन हाताशी हवं, मोठ्या माणसाला मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम. बेंझाथिननंतर पेशंटला अर्धा तास तरी थांबवून घ्यावं.

संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खूप खराब झालेल्या पेशंटची गोष्ट थोडी वेगळी आहे. बेंझाथिननंतर असा पेशंट कोसळला की ॲलर्जीवर ठपका येतो, पण बऱ्याचदा कारण थकलेलं हृदय असू शकतं, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये सांगितलं आणि अशांना गोळ्यांचा पर्याय सुचवला. हा बदल हृदयरोगतज्ज्ञांनी करायचा आहे, घरच्यांनी इंजेक्शन परस्पर बंद करू नये. आणि इंजेक्शन द्यायचं ठरलं तर पेशंटला आधी पाणी पाजून, आडवं झोपवूनच द्यावं.