आपोआप थांबणारी केसगळती आणि न थांबणारी

सांगली-मिरजेत केस गळायला लागले की पहिला संशय पाण्यावर जातो. जत, आटपाडीकडून शहरात शिकायला आलेली मुलं म्हणतात, इथलं पाणी सोसलं नाही. इथून तिकडे नोकरीला गेलेले म्हणतात, बोअरच्या जड पाण्यानं केस गेले. जड पाण्यानं केस राठ होतात, साबणाचा फेस होत नाही, केस मधूनच तुटतात, हे खरं आहे. पण मुळासकट केस जायला लागले तर कारण बहुतेक वेळा रक्तात, आनुवंशिकतेत किंवा दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या आजारपणात सापडतं. ही कारणं एकमेकांपासून वेगळी ओळखायला वैद्यकाला फार काळ लागला. आजचे सगळे उपचार त्याच ओळखीतून आले आहेत.

डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात. प्रत्येक केस 2 ते 6 वर्षं वाढतो, मग सुमारे 3 महिने नुसता थांबतो आणि गळून पडतो. त्यामुळे रोज 50 ते 100 केस जाणं नेहमीचंच. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, कडक उपास असं काही झालं की एरवी वाढत राहिले असते असे पुष्कळ केस एकाच वेळी थांबतात. ते गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे माणूस बरा होऊन कामाला लागल्यावर. म्हणून मूळ कारण कुणाच्या लक्षात येत नाही आणि दोष नव्या शाम्पूला लागतो. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 मध्ये या प्रकाराला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ असं नाव दिलं.

नाव नवं असलं तरी अनुभव जुनाच होता. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं, त्या काळात विषमज्वरावर (टायफॉइडवर) प्रतिजैविकं नव्हती. ताप आठवडेच्या आठवडे रेंगाळायचा आणि तो उतरल्यावर केस विरळ व्हायचे. बाळ ओळखायला लागलं की आईचे केस गळतात, असं जुन्या बायका सांगतात. त्यांनी बाळंतपणानंतरचे तीन-चार महिने बरोबर हेरले होते. 2021 मध्ये कोविडमधून उठलेल्या अनेकांच्या कंगव्यात मूठमूठ केस आले, ते याच कारणानं. ही गळती सहसा सहा महिन्यांत आपली आपण थांबते आणि केस परत येतात.

दुसरा जुना प्रकार म्हणजे चाई. डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडतो. सुश्रुतसंहितेत याला इंद्रलुप्त म्हटलं आहे. पित्त आणि वात केस पाडतात, मग कफ आणि रक्त रोमकूप बंद करतात, म्हणून नवा केस उगवत नाही, अशी त्यात मांडणी आहे. उपाय म्हणून कातडीला बारीक चिरा देऊन गुंजेचा लेप लावायला सांगितलं आहे. गुंजेचं बी जहाल विषारी असतं, त्यामुळे हा प्रयोग घरी कुणीही करू नये. आजच्या समजुतीप्रमाणे चाईत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच केसांच्या मुळांवर उलटते. चट्टे एक-दोनच असतील तर अनेकदा वर्षभरात तिथे केस आपोआप येतात. वाट पाहायची नसेल तर त्या जागी स्टेरॉइडची छोटी इंजेक्शनं देतात. डोक्याचा बराच भाग मोकळा झालेल्या रुग्णांसाठी 2022 मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. ती प्रतिकारशक्तीचा तो हल्ला रोखते. औषध महाग आहे आणि वरचेवर रक्त तपासत घ्यावं लागतं.

तेलांची कीर्ती कुठून आली, ते इथे कळतं. तापानंतरची गळती आपोआप थांबते, छोटी चाई आपोआप भरते. त्या काळात ज्यानं माका लावला त्याला माका लागू पडला, ज्यानं कांद्याचा रस चोळला त्याला कांदा. कुणी खोटं बोलत नव्हतं. तेलानं केस मऊ राहतात, तुटतात कमी; आईनं डोक्याला तेल चोळून देण्याचं सुख वेगळंच आणि ते कुणी सोडू नये. पण त्याच तेलाच्या भरवशावर तिसऱ्या प्रकारचा माणूस वर्षं घालवतो, आणि त्याचं नुकसान होतं ते इथेच.

तो तिसरा प्रकार म्हणजे आनुवंशिक टक्कल. पुरुषांत कपाळ मागे सरकतं, टाळू उघडी पडते. बायकांत भांग रुंदावत जातो. लहानपणी खच्चीकरण झालेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे हिपोक्रेटिसच्या काळापासून माहीत होतं. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्ये त्याचा उलगडा केला. अशा पुरुषांना टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी हार्मोन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जायला लागले. म्हणजे हार्मोन आणि वारसा, दोन्ही लागतात. 1974 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे त्याचं जास्त प्रभावी रूप करणारं विकर (एन्झाइम) त्यांच्यात जन्मतःच कमी होतं आणि त्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. या धाग्यावरून ते विकर रोखणारं फिनास्टेराइड हे औषध तयार झालं. आधी ते वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी आलं, 1997 पासून अमेरिकेत 1 मिलिग्रॅमची गोळी टकलासाठी मिळू लागली. काही पुरुषांना त्यानं लैंगिक तक्रारी होतात, म्हणून डॉक्टरांशी बोलूनच सुरू करावी. गरोदर बाईनं तर फुटकी गोळी हाताळूसुद्धा नये.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून तिचं लावायचं औषध बनवलं गेलं. त्याला अमेरिकेत 1988 मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीच्या आठवड्यांत त्यानं उलट गळती वाढते आणि बरेच जण घाबरून तिथेच सोडतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की मिळालेले केस जातात. दोन्ही औषधं आकसत चाललेल्या, पण जिवंत मुळांवर काम करतात. ऊस तोडल्यावर बुडखा जिवंत असेल तरच खोडवा फुटतो, तसंच हे. म्हणून उशीर महागात पडतो.

बायकांच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते. भांग रुंदावला की ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणून विषय मिटवला जातो. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून पुढे आलेलं आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि पाळी अनियमित असेल तर पीसीओएस या हार्मोनच्या बिघाडाची तपासणी, एवढ्यातून पुष्कळ कारणं उघडी होतात. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सर्रास खाल्ल्या जातात. शरीरात बायोटिन कमी नसेल तर त्यांचा उपयोग दिसत नाही, शिवाय थायरॉइडचा रिपोर्ट त्यांनी चुकू शकतो. तपासणीसाठी रक्त देताना त्या चालू असल्याचं सांगावं.

पहिल्या संशयावर थांबलं तर खरं कारण कसं निसटू शकतं, ते 2025 च्या जानेवारीत बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यानं दाखवलं. गावंच्या गावं केस गळून हैराण झाली, आधी बोट पाण्याकडे दाखवलं गेलं. नंतर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातलं जादा सेलेनियम (एक खनिज) हे कारण पुढे मांडलं.

केशरोपणाचा पाया न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेनट्रिच यांनी 1952 मध्ये घातला. मागच्या बाजूचा केस पुढे लावला तरी तो मागच्यासारखाच टिकतो, हे त्यांना दिसलं. यात नवा केस तयार होत नाही, फक्त जागा बदलते, म्हणून उरलेल्या केसांसाठी औषध चालूच ठेवावं लागतं. ही शस्त्रक्रिया आहे. यूट्यूब पाहून किंवा कार्यशाळेत बसून ती शिकता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये स्पष्ट केलं. टक्कल बरं करतो असा दावा औषधावर करायला तर औषध नियम, 1945 च्या अनुसूची ‘जे’नुसार मनाई आहे. तरीही तशा जाहिराती मोबाइलवर रोज येतात.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. तिथे जाताना तीन गोष्टी आठवून जाव्यात: गेल्या सहा महिन्यांतले ताप आणि आजारपण, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आणि आई-वडील दोन्हींकडच्या माणसांचे केस कसे होते ते.