पॉवर बटण, संगणकाचे : नेमून दिलेले काम आणि त्यातील बदल

पॉवर बटण, संगणकाचे : संगणक सुरू करणारी आणि तो चालू असताना दाबल्यास त्याला थांबवणारी कळ. चालू संगणकावर ही कळ एकदा दाबली की नेमके काय व्हावे, हे आता कायमचे ठरलेले नसते. शटडाऊन, स्लीप (काम रॅममध्ये ठेवून निद्रा), हायबरनेट (काम डिस्कवर उतरवून बंद), नुसता पडदा बंद किंवा काहीच नाही, यांपैकी एक काम वापरणारा तिला नेमून देऊ शकतो. कार्यप्रणालीसोबत आलेल्या मूळ नेमणुकीला डिफॉल्ट म्हणतात. ही मुभा कशी आली आणि आपल्याकडच्या घरांत ती कशी वापरावी, हा या नोंदीचा विषय आहे.

मराठीत कळ, खटका आणि बटण हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. इथे मात्र फरक पाळला आहे. विजेचा मार्ग प्रत्यक्ष तोडतो तो खटका आणि फक्त इशारा देते ते बटण. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या उजव्या अंगाला, मागच्या बाजूस, मोठा लाल खटका होता. तो खाली पाडला की यंत्राचा वीजपुरवठाच तुटे, मग आत फाइल लिहिली जात असो वा नसो. पुढे एटी या जुन्या रचनेच्या कॅबिनेटांत हा खटका दर्शनी भागावर आला, पण त्याच्यापर्यंत मुख्य पुरवठ्याच्या चार जाड वायरी ओढलेल्या असत. आपल्याकडे त्यांतून २३० व्होल्ट खेळत. अशा यंत्रांवर विंडोज ९५ बंद केल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत ‘आता संगणक बंद करण्यास हरकत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येई आणि शेवटचे काम माणसाच्या बोटाकडे राही. खटक्याला नवे काम नेमून देणे शक्यच नव्हते, कारण तो दाबला गेल्याची बातमी कार्यप्रणालीला मिळण्याआधीच ती विझलेली असे.

बटणाचा उगम : सॉफ्टवेअरच्या संमतीने बंद होणारे बटण प्रथम कोणी आणले, याबद्दल मतभेद आहेत. पीसीच्या अंगाने लिहिणारे सहसा मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याच्या इंटेलच्या १९९५ मधील एटीएक्स रचनेपासून सुरुवात करतात, तर अ‍ॅपलच्या परंपरेकडे पाहणारे १९८७ च्या मॅकिंटॉश टूचा दाखला देतात. तो संगणक कळफलकावरच्या कळीने सुरू करता येई. मात्र त्याहीआधी, १९८३ च्या अ‍ॅपल लिसामध्ये बटण दाबल्यावर यंत्र आधी उघडे दस्तऐवज जपून ठेवी, आवराआवर करी आणि मग स्वतःहून बंद होई. ‘बटण दाबणे म्हणजे विनंती’ ही कल्पना मुळाशी धरली, तर लिसाचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. मोठ्या संगणकांच्या जगात अशी सोय आधीही असू शकेल. इथे टेबलावरच्या संगणकापुरते बोलत आहोत. एटीएक्सचे श्रेय वेगळे आहे. तिने ही कल्पना स्वस्त, जुळणी करून घेता येणाऱ्या यंत्रांत आणली, आणि मुंबईत अनेकांची संगणकाशी पहिली ओळख अशाच यंत्रांवर झाली.

एटीएक्स पुरवठ्यातून जांभळ्या वायरीने ५ व्होल्टचा राखीव प्रवाह मदरबोर्डला सतत मिळतो, संगणक बंद असतानाही. बटण दाबताच मदरबोर्ड हिरव्या वायरीवरचा व्होल्टेज शून्यावर आणतो आणि मग मुख्य पुरवठा सुरू होतो. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. काउंटरवर कॅबिनेटाविना पसरलेला मदरबोर्ड असतो. कारागीर पॉवर एसडब्ल्यूच्या (बटणाची वायर जिथे लागते त्या) दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवतो आणि पंखा फिरू लागतो. बटण करते ते एवढेच. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, तपासायचा असेल तर हिरवी वायर काळीला जोडतात. गिऱ्हाईक ज्याला ‘सीपीयूचे बटण’ म्हणते त्याच्या मागे आज दोन बारीक वायरी असतात, आणि त्या उलटसुलट लावल्या तरी चालते.

इशाऱ्याचा अर्थ : दाबल्याचा अर्थ कोणी लावायचा, हे एसीपीआय या मानकाने ठरवले. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधीच्या १९९२ च्या एपीएम पद्धतीत वीजव्यवस्थापनाची बरीच सूत्रे बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीच्या, हाती होती, ती आता कार्यप्रणालीकडे आली. बटण दाबले की मदरबोर्डवरच्या चिपसेटच्या एका रजिस्टरमधील (छोट्या स्मृतिकप्प्यातील) ठरावीक बिट चढतो, कार्यप्रणालीला व्यत्ययाचा संकेत जातो आणि ती आपल्या सेटिंगच्या नोंदीत पाहून काय करायचे ते ठरवते. नोंद बदलली की बटणाचे काम बदलते.

एक गोष्ट मात्र या सेटिंगच्या पलीकडची आहे. बटण चार सेकंदांहून अधिक काळ दाबून धरले तर हार्डवेअर कार्यप्रणालीला न विचारता यंत्र बंद करते; काही टॅबलेटांत ही मुदत दहा सेकंदांपर्यंत असते. अडकून पडलेल्या संगणकासाठी हा शेवटचा उपाय आहे आणि त्यात न जपलेले काम जाते. जुन्या अनेक बायोसांत ‘तत्काळ बंद’ की ‘चार सेकंदांनी बंद’ असा पर्याय मिळे. तो एसीपीआय न जाणणाऱ्या कार्यप्रणालींसाठी होता. त्यालाच आजच्या नेमणुकीचा पर्याय समजणे बरोबर नाही.

नेमणूक बदलणे : विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ हे पान आहे. लॅपटॉपवर तिथे दोन रकाने दिसतात, बॅटरीवर असतानाचा आणि चार्जर लावलेला असतानाचा. एकच रकाना बदलून ‘सेटिंग लागत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पॉवरसीएफजी या आज्ञेतून हेच काम आकड्यांनी होते : ० म्हणजे काहीच नाही, १ स्लीप, २ हायबरनेट, ३ शटडाऊन. यादीत हायबरनेट दिसत नसेल तर ती सोय मुळातच बंद असते आणि याच आज्ञेने आधी चालू करावी लागते. त्याच पानावर फास्ट स्टार्टअपची खूण असते. ही सोय २०१२ च्या विंडोज ८ पासून आली. ती चालू असताना शटडाऊन पूर्ण नसतो, कर्नलचा, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याचा, भाग डिस्कवर जपून ठेवलेला असतो. म्हणून बिघाड शोधताना रीस्टार्ट करणे शटडाऊनपेक्षा खात्रीचे ठरते.

लिनक्समध्ये सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीचा लॉगिनडी हा घटक बटणाकडे लक्ष ठेवतो. त्याच्या फाइलीतील हँडल-पॉवर-की या ओळीचे मूळ मूल्य पॉवरऑफ आहे, तिथे सस्पेंड, हायबरनेट, लॉक, इग्नोर वगैरे लिहिता येते. तरीही अनेकदा बदल लागू होत नाही. याचे कारण असे की नोमसारखे डेस्कटॉप (पडद्यावरचे खिडक्या-चिन्हांचे वातावरण) लॉगिनडीला अडवून बटण स्वतःच्या ताब्यात घेतात. तेव्हा बदल त्या डेस्कटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये करावा. डेस्कटॉप नसलेल्या सर्व्हरवर मात्र फाइलच प्रमाण. मॅकमध्ये २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून अनेक यंत्रांवर बटणाचा एक दाब संगणकाला झोपवतो आणि त्याची निवड सेटिंग्जमध्ये दिलेली नाही.

चिन्ह : बटणावरच्या चिन्हाबद्दल एक समज रूढ आहे की त्यातील उभी रेघ म्हणजे द्विमान पद्धतीतला १ आणि वर्तुळ म्हणजे ०. दुसऱ्या मते रेघ जोडलेल्या मंडलाची आणि वर्तुळ तुटलेल्या मंडलाची खूण आहे. पहिले मत अधिक पसरले असले, तरी चिन्हांच्या मानकात अर्थ ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढाच दिलेला आहे, आणि व्युत्पत्तीपेक्षा तिथला भेद जास्त महत्त्वाचा आहे. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६०४१७ या मानकात पूर्ण वर्तुळातील रेघ (क्रमांक ५०१०) एकाच कळीने चालू-बंद दाखवते, तर वरून खंडित वर्तुळात घुसलेली रेघ (क्रमांक ५००९) राखीव अवस्था दाखवते. संगणकावर दिसते ते दुसरे, आणि काटेकोर पाहता तेच योग्य आहे, कारण हे बटण वीज तोडत नाही. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २००४ मधील १६२१ या मानकाने त्याच चिन्हाला सरळ ‘पॉवर’ असा व्यापक अर्थ दिला, निद्रेसाठी चंद्रकोर सुचवली आणि दिव्याचे रंगही नेमले : चालू असता हिरवा, निद्रेत पिवळसर. २०१६ च्या युनिकोड या अक्षरसंहितेच्या ९.० आवृत्तीत या कुळातील चार चिन्हे दाखल झाली.

मुंबईतील घरे आणि भिंतीवरचे बटण : डिफॉल्ट ठरवणाऱ्यांच्या देशात, अमेरिकेत, भिंतीवरच्या सॉकेटला सहसा स्वतंत्र बटण (वरच्या फरकानुसार खरे तर खटका) नसते. आपल्याकडे ते जवळजवळ प्रत्येक सॉकेटला असते आणि रात्री झोपण्यापूर्वी ‘मेन बंद केलंस का?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. इथेच स्लीपची नेमणूक दगा देते. स्लीपमध्ये काम रॅममध्ये असते आणि रॅम जांभळ्या वायरीच्या राखीव प्रवाहावर जगते. मुलीने प्रकल्पाची फाइल उघडी ठेवून सीपीयूचे बटण दाबले, पडदा काळा झाला, पंखा थांबला. आजीने पाहिले, संगणक बंद आहे म्हणून भिंतीवरचे बटण खाली केले. सकाळी फाइल नाही. दोघींचीही चूक नाही. आजीची सवय शहाणपणाचीच आहे. चूक नेमणुकीची आहे.

अशा घरात डेस्कटॉपच्या बटणाला हायबरनेट नेमणे उत्तम. त्यात रॅममधील सर्व काही डिस्कवर उतरते, मग भिंतीवरचे बटण बंद केले तरी चालते आणि सकाळी काम होते तिथून सुरू होते. मात्र डिस्कवर लिहून होईपर्यंत, म्हणजे कॅबिनेटाचा दिवा विझेपर्यंत, थांबावे. विंडोज व्हिस्टापासून आलेली हायब्रिड स्लीप रॅम आणि डिस्क दोन्हीकडे प्रत ठेवते, तीही चालेल. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असल्याने स्लीप तितकी धोक्याची नाही. लहान मूल हात लावणार असेल किंवा छोट्या खोलीत सीपीयू जमिनीवर, पाय लागेल असा असेल, तर ‘काहीच नाही’ ही नेमणूक बरी. चार सेकंदांचा उपाय तरीही शाबूत राहतो.

वीज गेली तर बटणाची नेमणूक कामी येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई आणि आसपासचा पुरवठा कोसळला तेव्हा ज्यांच्या डेस्कटॉपला यूपीएस नव्हता, त्यांचे संगणक कोणत्याही नेमणुकीविना थेट विझले. वीज परत आल्यावर यंत्राने आपोआप सुरू व्हावे, बंद राहावे की आधीच्या स्थितीत जावे, हे बायोसमधील वेगळ्या सेटिंगने ठरते. घरी ‘बंद राहावे’ बरे, कारण पुरवठा स्थिरावेपर्यंत तो पुन्हा जाऊ शकतो.

आभासी यंत्रांत, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या संगणकात, बटण डोळ्यांना दिसत नाही, तरी ते असते. ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरांत असे यंत्र थांबवण्याची आज्ञा दिली की यजमान प्रणाली बहुधा त्याचे एसीपीआय बटण ‘दाबते’. आतील लिनक्समध्ये इग्नोर लिहिलेले असेल तर यंत्र दखल घेत नाही आणि ठरलेली मुदत संपली की सक्तीने तोडले जाते. म्हणून सर्व्हरवर पॉवरऑफ हे मूळ मूल्य बदलू नये.