चाकांचा ब्रेक आणि रिमोटचा लॉक: बेड ‘लॉक’ केला म्हणजे नेमकं काय केलं?

इलेक्ट्रिक हॉस्पिटल बेडला दोन वेगळे लॉक असतात. चाकांचा ब्रेक बेडला जागेवरून सरकू देत नाही. रिमोटचा लॉक मोटारी चालू देत नाही. एक लावला म्हणून दुसरा आपोआप लागत नाही. घरी पेशंट सांभाळणाऱ्यांची गल्लत इथेच होते, आणि ती पेशंटच्या अंगावर बेतू शकते.

पडण्याच्या दृष्टीने ब्रेक जास्त महत्त्वाचा. पेशंट उठताना काठावर बसतो, दोन्ही हात गादीवर रेटतो आणि पुढे झुकतो. त्या रेट्याने बेड मागे ढकलला जातो. ब्रेक सैल असेल तर बेड मागच्या मागे निसटतो आणि माणूस थेट जमिनीवर बसतो. म्हणून उठवण्याआधी ब्रेक लावायचा, उंची पाय जमिनीला नीट टेकतील इतकी ठेवायची, मगच हात द्यायचा.

हॉस्पिटलमधल्या बेडला बहुधा एकच पेडल असतं. एका बाजूला दाबलं की सगळी चाकं जाम, मधोमध असलं की मोकळी, आणि दुसऱ्या बाजूला दाबलं की बेड लांब नेताना सरळ राहावा म्हणून एका चाकाची दिशा पक्की होते. ही शेवटची स्थिती ब्रेक नाही, बेड तरीही धावतो. घरच्या बेडला चाकागणिक वेगळी पट्टी असते. जितक्या चाकांना ती आहे तितक्या सगळ्या दाबा, हाताला आली तेवढी एक दाबून थांबू नका. नंतर बेडला कमरेने एक धक्का देऊन बघा. तरीही सरकला तर खाली वाकून चाकं पाहा: आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळले जातात, फरशी ओली असते, किंवा ब्रेकच झिजलेला असतो.

रिमोटचा लॉक वेगळ्या कामाचा. रिमोट पांघरुणात हरवतो, पेशंटच्या कोपराखाली बटण दाबलं जातं आणि पाठ उचलली जाऊ लागते. पेशंट भ्रमात असेल, लहान मूल बटणांशी खेळत असेल किंवा जखमेचं ड्रेसिंग चालू असेल, तेव्हा हा लॉक हवाच. पण शुद्धीवर असलेल्या माणसाचा रिमोट केवळ आपल्या सोयीसाठी कायमचा बंद करू नये. स्वतःची पाठ स्वतः वरखाली करता येणं ही अंथरुणावरच्या माणसासाठी फार मोठी गोष्ट आहे. काही बेडमध्ये उंचीचा, पाठीचा, गुडघ्याचा लॉक वेगवेगळा लावता येतो. तिथे उंची तेवढी अडवा, बाकीचं त्याच्या हाती राहू द्या.

रिमोट लॉक केला म्हणजे वीज बंद झाली असंही नाही. पुसायच्या आधी प्लग काढायचाच, आणि कापड नीट पिळून घ्यायचं. मोटारीवर किंवा रिमोटवर थेट फवारा नको. बेड हलवतानाही आधी प्लग काढून वायर वर अडकवा, नाहीतर ती चाकाखाली चेंगरते.

बेड अचानक दाद देईनासा झाला तर मेकॅनिकला बोलावण्याआधी लॉकचा दिवा पाहा, मग प्लग. दोन्ही ठीक असतील तर मोटार तापलेली असू शकते. अनेक बेडच्या मोटारी सलग 2 मिनिटं चालल्यावर 18 मिनिटं विश्रांती द्यावी अशा बेताने बनवलेल्या असतात, त्यामुळे सारखं वरखाली केलं की त्या थांबतात.

एक गोष्ट मात्र बेड घरी येईल त्याच दिवशी बघून ठेवा. छाती दाबून हृदय सुरू करण्याची वेळ आली तर पाठ तात्काळ सपाट करण्यासाठी पुष्कळ बेडना हाताने ओढायचा दांडा असतो. तो यांत्रिक असल्यामुळे रिमोट लॉक असला किंवा वीज गेली तरी चालतो. ओढताना दुसऱ्या हाताने पाठीचा भाग धरा, कारण तो वजनासकट झपकन खाली येतो. कठड्यात किंवा सांध्यात कुणाची बोटं नाहीत ना, तेही पाहा.