उपाशी शैवालाचा लाल रंग

पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या ॲस्टाझॅन्थिन या लाल रंगद्रव्याच्या कॅप्सूलला टाचणीने भोक पाडून ती बशीत दाबली, तर आतून येणारा थेंब आधी चक्क काळा वाटतो. बशी कलती करून तो उजेडात पसरू दिला की तो गडद लाल होतो आणि थर अगदी पातळ झाला की कडेला केशरी झाक दिसते. नळाखाली धरल्यास पाणी त्याच्यावरून नुसते घरंगळते. चमचाभर गोडेतेल ओतले, तर मात्र सगळी बशी केशरी होते. मी हा उद्योग एकदा केला, तेव्हा बोटावरचा डाग साबणाने दोनदा धुऊनही रेंगाळला होता. हे द्रव्य तेलात विरघळते, पाण्यात नाही, ही गोष्ट पुढे कामास येणार असल्याने ती लक्षात ठेवावी.

हा रंग ज्या जीवापासून काढतात त्याचे नाव हिमॅटोकॉकस प्लुव्हिॲलिस. प्लुव्हिॲलिस म्हणजे पावसाचे. खडकाच्या खळग्यांत किंवा बागेत पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पसरट भांड्यांत साचलेल्या गोड्या पाण्यात हे एकपेशीय शैवाल वाढते. पाणी ताजे असते तोवर ते हिरवेगार असते, शेपटीसारख्या दोन बारीक कशाभिकांच्या साह्याने पोहते आणि पेशी दुभंगून संख्येने वाढत राहते. मग ऊन चढते, पाणी आटू लागते आणि त्यातला नायट्रोजन व फॉस्फरस संपतो. नायट्रोजन नाही म्हणजे नवी प्रथिने नाहीत आणि प्रथिने नाहीत म्हणजे वाढ नाही. पण डोक्यावरचे ऊन काही थांबलेले नसते. हरितद्रव्य प्रकाश पकडतच राहते आणि त्या ऊर्जेला खर्चायला जागा उरत नाही. ही शिल्लक ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनच्या रेणूंकडे गेली की सिंग्लेट ऑक्सिजन नावाचा त्याचा उत्तेजित प्रकार तयार होतो आणि तो पेशीच्या पटलांवर, प्रथिनांवर व जनुकीय द्रव्यावर तुटून पडतो.

अशा वेळी हे शैवाल कशाभिका टाकून देते, गोल होते, भोवती जाड कवच उभारते आणि आत तेलाचे थेंब साठवून त्यांत ॲस्टाझॅन्थिन भरू लागते. काही दिवसांत हिरवी पेशी लालभडक होते. तिच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ४ टक्के हे एकच रंगद्रव्य असते. सूर्यप्रकाशातला निळा भाग ते शोषून घेते, त्यामुळे आतल्या केंद्रकाला आणि हरितलवकाला सावली मिळते. पाणी पूर्ण आटल्यावर भांड्याच्या तळाशी गंजासारखी लाल पुटे उरतात ती याच झोपी गेलेल्या पेशींची. पुन्हा पाऊस पडला की कवच फुटते आणि हिरव्या पेशी पोहू लागतात.

रंग आणि संरक्षण ही दोन्ही कामे रेणूचा एकच भाग करतो. ॲस्टाझॅन्थिन ज्या कॅरोटिनॉइड कुळातले आहे, त्यातले बहुतेक रेणू ४० कार्बन अणूंचे असतात आणि त्यांच्या मधल्या लांब साखळीत एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने येतात. या साखळीत इलेक्ट्रॉन सैलपणे पसरलेले असल्याने ती निळा-हिरवा प्रकाश गिळते आणि आपल्याला पिवळा, केशरी किंवा लाल रंग दिसतो. हीच साखळी सिंग्लेट ऑक्सिजनची जादा ऊर्जा स्वतःकडे घेते आणि उष्णतेच्या रूपाने सोडून देते. या व्यवहारात ती मोडत नाही, त्यामुळे तोच रेणू पुन्हा पुन्हा कामास येतो. याच कुळातल्या, गाजराला केशरी रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटिनचा हा गुण १९६८ मध्ये प्रयोगाने दाखवला गेला. बीटा-कॅरोटिनमध्ये असे ११ दुहेरी बंध ओळीने आहेत. ॲस्टाझॅन्थिनमध्ये दोन्ही टोकांचे कार्बन-ऑक्सिजन बंध धरून १३ भरतात, म्हणून त्याचा रंगही अधिक लाल.

ॲस्टाझॅन्थिनची ओळख मात्र शैवालातून पटली नाही. रिचर्ड कून आणि सोरेनसन यांनी १९३८ मध्ये ते शेवंडीतून वेगळे केले. त्याच वर्षीचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कून यांना कॅरोटिनॉइड व जीवनसत्त्वांवरील कामासाठी जाहीर झाले. जिवंत शेवंड निळसर काळी दिसते, कारण तिच्या कवचात हे लाल द्रव्य एका प्रथिनाच्या मिठीत असते. शिजवताना प्रथिन उलगडते आणि लाल रंग मोकळा होतो. कढईत टाकलेली राखाडी कोळंबी मिनिटभरात केशरी होते ती याच कारणाने. कोळंबीला किंवा सॅमन माशाला हे द्रव्य मुळापासून घडवता येत नाही. त्यांच्याकडे ते सूक्ष्म शैवालापासून सुरू झालेल्या अन्नसाखळीतून येते.

कारखान्यात या शैवालाची शेती दोन टप्प्यांत होते, आणि दुसरा टप्पा म्हणजे ठरवून केलेली उपासमार असते. पहिल्या टप्प्यात खत, कर्बवायू आणि सौम्य उजेड देऊन हिरव्या पेशी वाढवतात. दुसऱ्यात खत तोडतात आणि पेशी भर उन्हात सोडतात. इस्राएलच्या आरावा वाळवंटातील केतुरा किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वसाहतीत, हे काम काचेच्या लांबच लांब नळ्यांत चालते आणि शेजारशेजारच्या रांगा हिरव्या, तपकिरी, लाल अशा वेगवेगळ्या अवस्थांत दिसतात. हवाई बेटावरच्या कोना येथे हीच शेती उघड्या तळ्यांत करतात. पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आगेमागे आकाराच्या आणि पाण्यात विरळ पसरलेल्या असल्याने त्या गोळा करणेच खर्चिक पडते. त्यातून पेशीचे कवच इतके चिवट असते की ते चक्कीत फोडल्याशिवाय आतला रंग सुटत नाही आणि न फोडलेली पेशी आपल्या आतड्यातूनही फारसे काही न देता निघून जाईल. फोडलेल्या पुडीवरून ३१ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानाचा, प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड फिरवतात. या अवस्थेत तो वायूसारखा शिरतो, द्रवासारखा विरघळवतो आणि दाब काढताच उडून जातो. मागे राहतो तो बशीत सांडलेला काळपट लाल अर्क.

मासेपालनात वापरले जाणारे बहुतांश ॲस्टाझॅन्थिन पेट्रोलियमजन्य रसायनांपासून बनवतात, कारण ते पुष्कळ स्वस्त पडते. त्याचे रासायनिक सूत्र तेच असले, तरी अणूंची अवकाशातली मांडणी तीन प्रकारांची सरमिसळ असते. शैवालात मुख्यतः एकच प्रकार आढळतो आणि तोही मेदाम्लांना जोडलेला. हा फरक प्रयोगशाळेत ओळखता येतो, एवढे खरे. नैसर्गिक म्हणून तो माणसाला अधिक गुणकारी आहे, हे वाक्य मात्र जाहिरातीत जितक्या सहज लिहिले जाते तितके सहज सिद्ध झालेले नाही.

कॅरोटिनॉइडसाठी पिकवले जाणारे दुसरे शैवाल डुनालिएला सलायना. १८३८ मध्ये फ्रान्समधील माँपेल्ये परिसरातल्या मिठागरांचे पाणी लाल का होते याचा शोध घेताना मिशेल फेलिक्स ड्युनाल यांना हे जीव दिसले. पुढे १९०५ मध्ये त्यांचेच नाव या प्रजातीला मिळाले. समुद्राच्या कित्येक पट खारट पाण्यात जगणाऱ्या या पेशीला कठीण कवच नसते. बाहेरच्या मिठाने आतले पाणी ओढून नेऊ नये म्हणून ती आत ग्लिसरॉल साठवते आणि उन्हापासून बचावासाठी बीटा-कॅरोटिन. अनुकूल परिस्थितीत, म्हणजे शैवालाच्या दृष्टीने अगदी प्रतिकूल परिस्थितीत, कोरड्या वजनाचा १० टक्के भाग बीटा-कॅरोटिनचा असू शकतो. १०० ग्रॅम ताज्या गाजरात ते जेमतेम ८ मिलिग्रॅम मिळते, हे पाहिले म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातील हट लगून या गुलाबी सरोवराकाठी मोठमोठी उथळ तळी खोदून हे पीक का घेतात ते कळते. एवढ्या मिठात दुसरे फारसे भागीदार तग धरत नाहीत, हाही त्यात फायदाच.

जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले तेव्हा अनेकांनी याच शैवालाचे नाव घेतले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत मात्र मीठप्रेमी हॅलोआर्किया जीवाणूसदृश जीव निघाले. आणलेले पाणी काही काळ न हलवता ठेवले, तेव्हा ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी स्वच्छ झाले. अर्थात गुलाबी रंग कॅरोटिनॉइडचाच होता. मीठ आणि ऊन यांना तोंड देण्याची युक्ती एकमेकांशी दूरचेच नाते असलेल्या जीवांनाही साधली आहे.

आता माणसाकडे वळू. १९८१ मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल व सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये असा प्रश्न मांडला की, आहारातले बीटा-कॅरोटिन कर्करोगाचे प्रमाण कमी करू शकेल काय? शंका रास्त होती, कारण भाज्या-फळे खाणाऱ्यांच्या रक्तात हे द्रव्य अधिक आणि त्यांच्यात कर्करोग कमी, असे दिसत होते. त्यावर फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली; त्यातल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन दिले गेले. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. अमेरिकेत धूम्रपान करणारे व ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार अशा १८,३१४ जणांवर बीटा-कॅरोटिन आणि ‘अ’ जीवनसत्त्व एकत्र देऊन चाललेली चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली; तिथे वाढ २८ टक्के होती. २२,०७१ अमेरिकी डॉक्टरांवरच्या १२ वर्षांच्या चाचणीत ना लाभ दिसला, ना अपाय. त्यांच्यात धूम्रपान करणारे थोडे होते. धुराने भरलेल्या फुप्फुसात बीटा-कॅरोटिनची साखळी मोडते आणि तिचे तुकडे पेशींच्या वाढीच्या संकेतांत ढवळाढवळ करतात, असे यामागचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

या चाचण्यांतले बीटा-कॅरोटिन कृत्रिम होते, शैवालातले वेगळे, असा युक्तिवाद विक्रेते करतात. डुनालिएलात या रेणूचे सरळ व वाकडे दोन्ही आकार असतात आणि कृत्रिम मालात जवळजवळ सगळे सरळ, हे खरेच आहे. पण वेगळे आहे म्हणून निर्धोक आहे, हे त्यातून निघत नाही. धूम्रपान करणाऱ्याने किंवा नुकतेच सोडलेल्याने जास्त मात्रेची ही गोळी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा वयोमानानुसार होणारा ऱ्हास रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मिश्रणातही २०१३ च्या अमेरिकी चाचणीनंतर बीटा-कॅरोटिनच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझॅन्थिन ही दुसरी कॅरोटिनॉइड आली. ते ल्युटीन बहुधा शैवालातून येत नाही. ते येते आपण दसऱ्याला दाराला बांधतो त्या झेंडूतून.

ॲस्टाझॅन्थिनची इतकी मोठी परीक्षा अजून झालेली नाही. त्वचा, डोळ्यांचा थकवा, व्यायामानंतरची शीण यांवरचे अभ्यास आहेत, पण त्यांतले बरेचसे थोड्या माणसांवर आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. ‘क’ जीवनसत्त्वापेक्षा ६,००० पट प्रभावी, हे वाक्य ज्या मोजणीवरून आले ती सिंग्लेट ऑक्सिजन शमवण्याची, परीक्षानळीतली मोजणी आहे. ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे, त्याचे काम वेगळे, जागा वेगळी. ही तुलना म्हणजे विहिरीवरच्या रहाटाची आणि तेलाच्या घाण्याची शर्यत लावण्यासारखे आहे. शिवाय ‘क’ जीवनसत्त्व न मिळाल्यास स्कर्व्ही होतो. ॲस्टाझॅन्थिनअभावी होणारा कोणताही रोग माणसात नाही आणि बीटा-कॅरोटिनपासून बनते तसे त्यापासून आपल्या शरीरात ‘अ’ जीवनसत्त्वही बनत नाही.

तरीही कोणी घेणारच असेल, तर ते जेवणाबरोबर घ्यावे, कारण मेदाशिवाय ते आतड्यात नीट शोषले जात नाही. बशीतल्या गोडेतेलाने तेच दाखवले होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रौढांसाठी पूरक आहारातून दिवसाला ८ मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा सुरक्षित मानली आहे. आपल्याकडे अशा डबीवर औषधी वापरासाठी नाही, अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सहसा सर्वांत बारीक अक्षरांत सापडते. ‘वनस्पतीजन्य’ या शब्दावर विसंबणाऱ्या शाकाहारी वाचकांनी हिरवे चिन्ह आवर्जून पाहावे, कारण आतले तेल शैवालाचे असले तरी मऊ कॅप्सूलचे वेष्टन पुष्कळदा जनावरांच्या हाडां-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनचे असते. आणि दर्शनी बाजूला ‘४० मिलिग्रॅम’ असे ठळक छापलेले असेल, तर डबी उलटी करून ते ४० मिलिग्रॅम अर्काचे आहे की ॲस्टाझॅन्थिनचे हे वाचावे. १० टक्क्यांचा अर्क असेल, तर आतला रंग ४ मिलिग्रॅमच भरतो.