कॅनव्हासला बुरशी आली? धुण्याआधी हे वाचा

आपण ओल म्हणतो, शेजारचे गुजराती 'भेज' म्हणतात. बुरशीला दोन्ही चालतं. जुलै-ऑगस्टात आमच्या वडोदऱ्यातल्या दुकानात तंबू येतात, जुने होल्डॉल येतात, गणेश मंडळांच्या कनाती आणि पावागढच्या डोंगरावर जाऊन आलेल्या पोरांच्या पाठपिशव्या येतात. प्रश्न सगळ्यांचा एकच, हे काळे डाग निघतील का? खरं सांगायचं तर बुरशीनं वाया गेलेल्या कॅनव्हासपेक्षा घरच्या ब्लीचनं वाया गेलेला कॅनव्हास आम्ही जास्त पाहिला आहे. म्हणून हे पत्रक.

सुती कॅनव्हास म्हणजे कापूस, आणि कापसातलं सेल्युलोज हे बुरशीचं अन्न. कापडाची खळ, हाताचा घाम, सांडलेला चहा हे वरचं तोंडीलावणं. हवेतला दमटपणा ७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की कोरड्या दिसणाऱ्या कापडावरही बुरशी धरते. ओलं कापड गुंडाळून ठेवलं तर एक-दोन दिवसांतच कुबट वास सुटतो. पॉलिएस्टरचा धागा ती खात नाही, पण त्यावरचा मळ खाते.

आधी कापडात जीव आहे का ते बघा. डाग असलेली जागा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून जरा ताणा. चर्रकन फाटली तर धागा कुजला आहे, आता धुऊन उपयोग नाही. तेवढा तुकडा काढून ठिगळ लावावं लागेल. टिकली तर पुढचं वाचा.

काढायची कशी

पाणी लगेच लावू नका. ओल्या ब्रशनं घासलं की बुरशी विणीत आणखी आत जाते. कापड आधी कडक उन्हात पूर्ण वाळवा, मग कपड्यांच्या मऊ ब्रशनं कोरडंच झटका. हे काम मोकळ्यावर करा, नाकातोंडावर मास्क बांधून. घरात दम्याचं माणूस असेल तर त्याला लांब ठेवा. गॅलरीत झटकणार असाल तर खाली कुणाचं वाळवण नाही ना, तेवढं पाहा.

मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. आतल्या शिवणीवर थोडं लावून रंग जातो का ते पाहा. नाही गेला तर डागांवर लावून तासभर ठेवा, हलकं घासा आणि साध्या पाण्यानं भरपूर खळबळा. चामड्याचे पट्टे असतील तर तिथे व्हिनेगर लागू देऊ नका. मळ फार असेल तर सौम्य साबण चालेल. कपड्यांची पावडर नको, तिनं पाणी अडवणारा थर निघून जातो. वॉशिंग मशीन आणि तारेचा ब्रश, दोन्ही नको.

ब्लीचनं डाग फिका होतो, पण त्याबरोबर सुताची ताकदही जाते आणि रंग उडतो. शिवाय ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र झाले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. 'दोन्ही थोडं थोडं टाकलं' असं सांगणारे ग्राहक आम्हाला भेटले आहेत. कृपा करून असं करू नका.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बुरशी मेली तरी तिचा काळा डाग बऱ्याचदा राहतो. तो रंग धाग्यात मुरलेला असतो. वास गेला, कापड घट्ट आहे, तर डागासकट वापरा.

पुराच्या पाण्याचं वेगळं. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं होतं, तशा वेळी 'आधी वाळवा' हा नियम उलटा होतो. चिखल वाळायच्या आत हातमोजे घालून स्वच्छ पाण्यानं धुवा, कारण त्या पाण्यात गटाराचंही पाणी मिसळलेलं असतं.

पाणी पुन्हा अडवायला

धुऊन वाळल्यावर वर पाण्याचे थेंब टाका. मोती होऊन घरंगळले तर ठीक, जिरले तर नवा थर हवा. मेणाचा थर आम्ही लावून देतो. घरी करायचं तर जुना उपाय आहे: कापड आधी वडीच्या साबणाच्या पाण्यात भिजवून पिळायचं, मग तुरटीच्या पाण्यात घालायचं. दोन्ही मिळून पाण्यात न विरघळणारा पातळ थर धाग्यावर बसतो. डिटर्जंटनं हे होत नाही, तेलातुपाचा खरा साबणच हवा. हा थर पुन्हा पुन्हा धुतल्यास टिकत नाही.

ठेवायचं कसं

कापड हाताला वाळलेलं लागलं तरी शिवणी, दुमडलेल्या कडा आणि पितळी रिंगांखालची जागा ओली असते. आणखी एक दिवस ऊन द्या. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही बांधू नका, जुनी सुती चादर उत्तम. थेट फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. श्रावणात उघडीप मिळाली की उलगडून वारा द्या, आणि मोठा तंबू कोजागिरी झाल्याशिवाय कायमचा बांधून टाकू नका. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, बुरशी त्यांना जुमानत नाही. सिलिका जेल घट्ट बंद पेटीतच काम करतं. कपाटाचं दार दिवसातून दहा वेळा उघडत असेल तर ते पैसे वाचवा.

फाइन आर्ट्सचे विद्यार्थी कधी कधी रंगवलेलं चित्र घेऊन येतात. ते आम्ही घेत नाही. चित्राच्या कॅनव्हासला वरचं काहीही लावू नका, जतन करणाऱ्या जाणकारालाच दाखवा.

सामान आमच्याकडे आणताना वाळवून, चादरीत गुंडाळून आणा. ओलं आणलंत तर आधी गच्चीवर वाळत घालावं लागतं, आणि पावसात आमची गच्चीसुद्धा तुमच्यासारखीच.