अमेरिकेतल्या बायकांचा घरगुती पत्रव्यवहार (१८वं शतक आणि १९व्याची सुरुवात)

अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या तेव्हापासून ते देश स्वतंत्र होऊन पहिली चाळीस-पन्नास वर्षं उलटेपर्यंत आई-लेकी, बहिणी-बहिणी, मावशी-भाची, नणंद-भावजय यांच्यात जी पत्रं जायची-यायची त्यांची ही नोंद. इतिहासाच्या पुस्तकात या सगळ्यातली एखादीच ओळ येते आणि तीही नवऱ्याला लिहिलेल्या पत्रातली. ॲबिगेल ॲडम्सने ३१ मार्च १७७६ ला नवऱ्याला, म्हणजे पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्सला कळवलं होतं की नवीन कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, ती ओळ. नवराबायकोची मिळून ११०० च्या वर पत्रं आहेत आणि त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय, पण त्याच बाईने दोन बहिणींना, लेकीला, भाच्यांना जी पत्रं पाठवली ती वाचायला घेतली की कळतं, घर खरं कशावर चाललं होतं ते.

त्या काळात मुलगी लग्न होऊन वीस-तीस मैलांवर गेली तरी ती लांबच. रस्ते कच्चे, थंडीत बर्फ, शिवाय वर्षा-दोन वर्षांनी बाळंतपण, त्यामुळे माहेरी जाणं होईलच असं नाही. मग कोणाला ताप आलाय, कोणाचं मूल गेलं, कोणाकडे शिकायला कोणाला ठेवायचं, कापडाचा भाव काय झालाय, नोकर मिळतोय का, आईला आता कोण बघतंय, हे सगळं कागदावरूनच ठरायचं. माझ्या मते या पत्रांना नुसती ख्यालीखुशाली म्हणणं चूक आहे, ते घरकामातलंच एक काम होतं आणि रात्री बाकीची सगळी कामं आटोपल्यावर, मेणबत्तीच्या उजेडात, हात दुखत असताना केलेलं काम होतं.

पत्र जायचं कसं

पाकीट वापरायची पद्धत नव्हती. मोठा कागद मधोमध दुमडला की चार पानं व्हायची, तीनवर मजकूर, चौथ्यावर थोडा मजकूर आणि पत्ता, मग घड्या घालून लाखेने किंवा पिठाच्या पातळ चकतीने चिकटवायचं. उघडताना चिकटवलेल्या जागी कागद फाटायचा, म्हणून आज जुनी पत्रं बघितली तर बऱ्याच पानांना कडेला तुकडा गेलेला दिसतो आणि तिथले दोन-तीन शब्द कायमचे गेलेले असतात. लेखणी बदकाच्या किंवा हंसाच्या पिसाची, शाई मायफळ आणि हिराकस यांची. पत्राच्या शेवटी लेखणी खराब आहे, अक्षर वाईट आलंय, माफ कर असं लिहायची जवळजवळ रीतच होती.

पैशाचं गणित समजून घेतल्याशिवाय या पत्रांचं रूप समजत नाही. १७९२ च्या पोस्ट कायद्याप्रमाणे एका कागदाला ३० मैलांपर्यंत ६ सेंट आणि ४५० मैलांच्या पुढे २५ सेंट लागायचे, कागद दोन झाले की दर दुप्पट, आणि हे पैसे बहुतेक वेळा पत्र ज्याला आलं त्याने भरायचे. म्हणजे बहिणीला लांबलचक पत्र लिहिणं म्हणजे तिच्याच खिशाला हात घालणं. त्यामुळे एकच कागद घ्यायचा आणि समासापर्यंत भरायचा, काहीजणी तर भरलेलं पान आडवं फिरवून आधीच्या ओळींवरूनच पुढचा मजकूर लिहायच्या. ओळखीचं कोणी त्या बाजूला निघालं असेल तर त्याच्या हाती पत्र देणं सगळ्यात चांगलं. खासदार आणि मोठे सरकारी अधिकारी यांना टपाल फुकट होतं आणि त्यांच्या घरच्या बायकांची पत्रं त्यातून सहज जायची, हेही एक कारण आहे की राजकारण्यांच्या घरच्या बायकांनी जास्त लिहिलेलं दिसतं. टपाल स्वस्त झालं ते १८४५ नंतर, आणि तिकिटं १८४७ मध्ये आली.

समुद्रापलीकडची पत्रं बुडायची भीती असायची. म्हणून साऊथ कॅरोलायनात नीळ पिकवणारी एलायझा लुकस पिंकनी (१७२२–१७९३) पाठवलेल्या पत्रांची नक्कल किंवा सारांश एका वहीत उतरवून ठेवायची. १७३९ पासूनची ही वही अजून आहे, त्यात नीळ पेरल्याचंही आहे आणि मैत्रिणींना केलेल्या गप्पाही आहेत.

वाचता येणं वेगळं, लिहिता येणं वेगळं

आपण लिहिणं-वाचणं एका दमात म्हणतो, तिकडे तसं नव्हतं. मुलींना वाचायला शिकवायचे, कारण बायबल वाचता आलं पाहिजे, पण लिहिणं हा मुलांच्या कामाचा भाग मानला जायचा, कारण हिशोब, व्यापार, कोर्टकचेरी त्यांची. त्यामुळे छापील पुस्तक वाचणाऱ्या पण पत्र लिहू न शकणाऱ्या बायका खूप होत्या. ॲबिगेल स्वतः कधी शाळेत गेली नव्हती आणि ती खंत तिने म्हातारपणापर्यंत बोलून दाखवली.

शास्त्रज्ञ आणि राजकारणी बेंजामिन फ्रँकलिनची धाकटी बहीण जेन मेकम (१७१२–१७९४) हिचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. बारा मुलं झाली, त्यातली अकरा तिच्या डोळ्यांदेखत गेली, गरिबी कायमची, आणि शब्द कानाला येतील तसे लिहायची. भावजय डेबराला लिहिलेली तिची पत्रं आहेत आणि भावाबरोबरची तर आयुष्यभराची. स्पेलिंगची तिला फार लाज वाटायची. तेव्हा ४ जुलै १७८६ च्या पत्रात भावाने तिला एक गोष्ट सांगितली: एका गृहस्थाला आलेल्या चिठ्ठीत ‘वाय’ आणि ‘एफ’ अशा दोनच अक्षरांचा शब्द होता, त्याला लागेना, बायकोला लागेना, शेवटी घरकाम करणाऱ्या बेट्टीने बघितलं आणि म्हणाली, अहो हे ‘वाईफ’ आहे, दुसरं काय असणार. ज्याला वाईट स्पेलिंग म्हणतात तेच उच्चाराला धरून असतं म्हणून खरं चांगलं, असं त्याचं म्हणणं. बहिणीला धीर द्यायचा यापेक्षा प्रेमळ प्रकार मला दुसरीकडे सापडला नाही.

तीन बहिणी

मॅसॅच्युसेट्समधल्या वेमथ गावच्या पाद्री विल्यम स्मिथच्या तीन मुली: मेरी (१७४१–१८११), ॲबिगेल (१७४४–१८१८) आणि एलिझाबेथ (१७५०–१८१५). मेरीचं लग्न रिचर्ड क्रँचशी, ॲबिगेलचं १७६४ मध्ये जॉन ॲडम्सशी, आणि धाकटी १७७७ मध्ये पाद्री जॉन शॉची बायको होऊन उत्तरेला हेवरिलला गेली. एवढा मोठा आणि सलग साठा दुसऱ्या बहिणींचा क्वचितच मिळतो.

१७८४ मध्ये ॲबिगेल नवऱ्याकडे युरोपला निघाली तेव्हा चार्ल्स आणि थॉमस ही दोन लहान मुलं तिने एलिझाबेथ मावशीकडे ठेवली, काका त्यांना हार्वर्डसाठी तयार करायचे, पुढे मोठा जॉन क्विन्सीही काही महिने तिथे राहून शिकला. म्हणजे पुढे स्वतःही राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन क्विन्सीची पोळीभाजी, कपडे, अभ्यासाच्या कुरबुरी हे सगळं मावशीच्या पत्रांतून समुद्रापार जात होतं. बदल्यात ॲबिगेल काय पाठवायची, तर जग. जहाजावरूनच तिने मेरीला लांबलचक रोजनिशीसारखं पत्र लिहिलं, त्यात बोट लागल्याचं वर्णन आहे आणि बरं वाटल्याबरोबर तिने घाणेरडं जहाज घासून-पुसून कसं घेतलं तेही आहे. ५ सप्टेंबर १७८४ ला पॅरिसजवळच्या ओतय गावातून भाची ल्युसी क्रँचला लिहिलेल्या पत्रात फ्रँकलिनची फ्रेंच मैत्रीण मादाम एल्वेशियस येतात: जेवायला आल्या त्या मोठ्याने बोलत, फ्रँकलिनचे मुके घेतले, जेवताना हात त्याच्या गळ्यात, नंतर कोचावर आडव्या झाल्या, आणि लाडक्या कुत्र्याने जमिनीवर शू केली ती स्वतःच्या आतल्या कपड्याने पुसली. ॲबिगेलला किळस आली आणि तिने ते स्पष्ट लिहिलं, पण एकही तपशील सोडला नाही, कारण तिला माहीत होतं की तिकडे लेकी-सुना सगळ्या जमून हे वाचणार आहेत.

इथेच या पत्रांची खरी गोम आहे. पत्र एकीच्या नावाचं असलं तरी ते शेजारपाजारी, पाहुण्यांपुढे मोठ्याने वाचलं जायचं, पुढच्या घरी पाठवलं जायचं. त्यामुळे लिहिणारीला एकाच कागदात दोन पत्रं लिहावी लागायची, एक दाखवायचं, एक लपवायचं. २१ नोव्हेंबर १८०० चं पत्र बघा. ॲबिगेल नुकतीच वॉशिंग्टनला नव्या राष्ट्राध्यक्ष निवासात राहायला आली होती आणि लेक नॅबीला कळवत होती: बाल्टिमोरहून येताना जंगलात रस्ता चुकलो, घर प्रचंड आहे पण एकही खोली पूर्ण झालेली नाही, नोकरांना बोलवायला घंटा नाहीत, चहूकडे जंगल असून सरपण मिळत नाही, बाहेर अंगणही नाही म्हणून पाहुण्यांसाठीचा तो मोठा अपुरा दिवाणखाना मी कपडे वाळत घालायला वापरतेय. हाच व्हाइट हाऊसमधला पुढचा ईस्ट रूम. आणि मग लेकीला ताकीद, की हे सगळं तुझ्याजवळच ठेव, कोणी विचारलं तर सांग की आईने लिहिलंय, जागा फार सुंदर आहे, आणि ते खरंही आहे.

तसंच पत्र मार्था वॉशिंग्टनचं आहे. २३ ऑक्टोबर १७८९ ला न्यूयॉर्कहून तिने बहिणीची मुलगी फॅनी हिला लिहिलं की इथे मी कैद्यासारखी आहे, ठराविक हद्दीबाहेर जाता येत नाही. पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या बायकोने हे चारचौघांत कधी म्हटलं असतं असं वाटत नाही, पण भाचीजवळ म्हटलं.

स्मिथ बहिणींचा शेवट एकापाठोपाठ आला. ऑक्टोबर १८११ मध्ये नॅबीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन क्विन्सीच्या घरात, भूल नसताना झालं, त्याच महिन्यात रिचर्ड क्रँच गेले आणि दुसऱ्याच दिवशी मेरी. नॅबी १८१३ मध्ये गेली, एलिझाबेथ १८१५ मध्ये.

मैत्रीण, बहीण, आणि हिंदुस्थानाकडे निघालेली मुलगी

त्या पत्रांत ‘सिस्टर’ हा शब्द सख्ख्या बहिणीला, नणंदेला, जावेला, देवळातल्या मैत्रिणीला, सगळ्यांना सरसकट येतो, तेव्हा मराठी वाचकाने नातं दर वेळी तपासून घ्यावं. एस्थर एडवर्ड्स बर ही न्यूजर्सीत कॉलेजच्या प्रमुखाची बायको, ऑक्टोबर १७५४ पासून जवळजवळ तीन वर्षं तिने बॉस्टनच्या आपल्या मैत्रिणीला, सारा प्रिन्सला रोजनिशीच पत्र म्हणून गठ्ठ्यागठ्ठ्याने पाठवली. एप्रिल १७५७ मध्ये कॉलेजातला एक शिक्षक तिला म्हणाला की बायकांना मैत्री म्हणजे काय ते कळत नाही. एस्थरने तासभर त्याच्याशी वाद घातला आणि तो गप्प होईपर्यंत सोडला नाही, हे तिने साराला त्याच दिवशीच्या नोंदीत कळवलं. वर्षभरात ती गेली, वय २६.

महाराष्ट्राशी एक धागा आहे. हेवरिलचीच हॅरिएट ॲटवुड १८१२ मध्ये मिशनरी सॅम्युएल न्यूवेलशी लग्न करून अमेरिकेतल्या सेलम बंदरातून हिंदुस्थानला निघाली, जहाजावरून आईला लिहीत राहिली. कलकत्त्यात कंपनी सरकारने राहू दिलं नाही, पुढच्या प्रवासात बाळ जन्मून गेलं आणि ३० नोव्हेंबर १८१२ ला मॉरिशसला तीही गेली, १९ वर्षांची. तिची पत्रं छापली गेली आणि अमेरिकेत घरोघरी वाचली गेली. नवरा नंतर मुंबईला अमेरिकन मराठी मिशनमध्ये आला आणि १८२१ मध्ये तिथेच वारला.

काय उरलं

नवरा गेल्यावर मार्था वॉशिंग्टनने दोघांची पत्रं जाळली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाचली. ऑगस्ट १८१४ मध्ये इंग्रज फौज वॉशिंग्टनवर चालून येत असताना राष्ट्राध्यक्षाची बायको डॉली मॅडिसन हिने बहिणीला लिहिलेलं प्रसिद्ध पत्र मूळ रूपात नाहीच, आहे ती तिनेच बऱ्याच वर्षांनी करून दिलेली नक्कल. १८२५ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसनची नात एलेन लग्न होऊन बॉस्टनला गेली आणि तिचं सामान नेणारं जहाज बुडालं. त्यात जेफरसनच्या मॉन्टिसेलो या मळ्यावरचा गुलाम सुतार जॉन हेमिंग्स याने तिच्यासाठी केलेलं लिहायचं डेस्क होतं. बातमी कळल्यावर त्याला दुसऱ्या कशाचंच काही वाटेना, फक्त डेस्क गेलं म्हणून तो हताश झाला होता, असं आजोबांनी नातीला कळवलं, आणि त्याच्या जागी ज्यावर स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला ते छोटं डेस्क एलेनच्या नवऱ्याला पाठवलं. आई आणि बहिणींशी तिची पत्रं पुढे चालू राहिली.

आणि ज्यांना लिहायलाच बंदी होती त्यांचं काय. साऊथ कॅरोलायनात १७४० च्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा होतं. म्हणून बॉस्टनची कवयित्री फिलिस व्हीटली आणि न्यूपोर्टची ओबर टॅनर या गुलाम म्हणून आणलेल्या दोन मुलींमधली पत्रं मी या सगळ्या साठ्यात सगळ्यात मोलाची मानतो. रक्ताचं नातं उरलेलं नाही, आफ्रिकेतून आणून विकलेलं, आणि तरी फिलिस ओबरला बहीणच म्हणते. २१ मार्च १७७४ ला तिने मालकीण गेल्याचं कळवलं, आणि ६ मेच्या पत्रात पाच पुस्तकांचे पैसे पोचले असं लिहिलंय, म्हणजे ओबर तिची पुस्तकं न्यूपोर्टला खपवत होती. १७७२ ते १७७९ मधली अशी सात पत्रं ओबरने पन्नासेक वर्षं जपली, म्हातारपणी एका पाद्र्याच्या बायकोच्या हाती दिली, आणि त्या बाईंकडून १८६० च्या दशकात ती मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आली, आजही तिथेच आहेत. ओबरने फिलिसला लिहिलेलं एकही पत्र सापडलेलं नाही.